चौथा कोपरा

रुक्माबाईनं सुई कायमची खाली ठेवली ती तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. बाहेर गल्लीतली लेकरं लाकडी नंदी ओढत दारोदार फिरत होती आणि दाराशी बसलेल्या रुक्माबाईच्या मांडीवर नातीचं झबलं होतं. दीपानं, तिच्या लेकीनं, पुसदला सासरी जाण्याआधी दहा सुयांमध्ये दोरे ओवून ठेवले होते. पण ओवलेली सुईसुद्धा कापडात कुठं घालायची हे दिसेना. तीनदा बोटात गेली. चौथ्यांदा तिनं सुई पडद्याला खोचली, बोट तोंडात घातलं आणि म्हणाली, "झालं बापा आता."

शुगर पंधरा वर्षांची होती. यवतमाळच्या डॉक्टरनं डोळ्यांत लेझर मारून पाहिलं, सुया देऊन पाहिल्या. उजेड आणि सावली एवढं मात्र उरलं. देव न्यायला बसला की सगळं एकदम नेत नाही. थोडं नेतो, थोडं ठेवतो, आणि ठेवलेल्यावर माणूस आस लावून बसलं की पुन्हा येतो.

तिचा नवरा हिरासिंग आडे त्याच वर्षी एसटीतून रिटायर झाला होता. दारव्ह्याच्या आगारात छत्तीस वर्षं मेकॅनिक. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून सांगायचा की गाडीचं काय दुखतं. हाताखालची माणसं त्याला डॉक्टर म्हणायची. घरातलं दुखणं मात्र आवाज करत नव्हतं, म्हणून त्याला ते उशिरा कळलं.

त्या संध्याकाळी रुक्माबाईनं पेटीतून गळणो काढलं. बंजाऱ्यांची नवी नवरी डोक्यावर घागर घेऊन निघते तेव्हा जे भरतकामाचं चौकोनी फडकं मिरवते, ते हे गळणो. लाल कापड, कडेला कवड्या, चार कोपऱ्यांत चार चौकड्या, सगळ्या बारीक तिरप्या टाक्यांनी भरलेल्या. तिनं ते मांडीवर पसरलं आणि बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"कवड्या लागतात," ती म्हणाली. "टाके नाही लागत."

चाळीस वर्षांत टाके दबून कापडात मुरून गेले होते. डोळ्यांना ते अजून दिसत होते. बोटांना काहीच नव्हतं.

तिनं गळणो घडी करून ठेवलं तेव्हा घडी वाकडी पडली, तेवढी हिरासिंगनं नीट केली. पण डोक्यात काहीतरी फिरायला लागलं. कापडावरचा टाका दबतो; लाकडावरचा दबणार नाही. डोळ्याला नाही तर हाताला दिसावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मोबाईलवर त्यानं एक यंत्र पाहिलं होतं. कॉम्प्युटरवर रेघ काढायची, आणि फिरणारं पातं तीच रेघ लाकडावर कोरत जातं. सीएनसी राउटर. तयार घ्यायचं तर पेन्शनवाल्या माणसाच्या आवाक्याबाहेर. पण ते बांधणारे लोक मोबाईलवर होते, आणि हिरासिंगला बांधायचं कसं हे कुणी शिकवायची गरज नव्हती, फक्त काय बांधायचं ते कळायला हवं होतं.

मागच्या टिनाच्या शेडात काम सुरू झालं. सांगाडा जुन्या पलंगाच्या सागवानी पाट्यांचा. सरकायला टेबलाच्या ड्रॉवरचे चॅनल. पुढं-मागं ढकलायला हार्डवेअरच्या दुकानातली आटे पाडलेली सळई. तीन मोटरी आणि एक हिरवं सर्किट कुरिअरनं आलं. पातं फिरवायला सुतार लोकांचा ट्रिमर, तो बाबुलालनं दिला. बाबुलाल म्हणजे बसस्टँडमागचा भंगारवाला, हिरासिंगचा बालपणापासूनचा दोस्त, आणि त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"बायकोचा कशिदा काढ्याले मशीन बांधून राह्यला?" बाबुलालनं शेडात डोकं घातलं. "अबे हिऱ्या, सुई दहा रुपयाले भेटते."

"सुई धराले डोळे लागतात."

"मंग तूच शिकून घे ना भरतकाम. रिटायर माणूस, वेळच वेळ. नाकात नथ घाल, बस ओट्यावर."

आतून रुक्माबाई ओरडली, "बाबुभाऊ, त्याहिले शिकवाले मीच बसीन. चहा घ्या अन् गप राहा."

गळणोवरचा नमुना यंत्राला द्यायचा म्हणजे आधी उतरवायला हवा. हिरासिंगनं कापडावर बटर पेपर ठेवला, चष्म्यावर भिंग धरलं आणि एकेक टाका पेन्सिलनं उतरवला. अकरा दिवस लागले. मग कागदाचा फोटो काढून कॉम्प्युटरवर त्याच्या रेघा केल्या. कुठला टाका कसा झुकलाय याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो नक्कल करणाऱ्या कारकुनासारखा नुसता उतरवत गेला.

संक्रांतीच्या आधी पहिली पाटी निघाली. दीड वीत लांब, दीड वीत रुंद, सागवानाची. पातं थरथरत चाललं होतं, रेघा कुठं जाड कुठं बारीक, कडेला कुसळं उभी. हिरासिंगनं फुंकर मारून भुसा उडवला आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवली.

"हे काय आणलं?"

"हात लाव."

तिचं बोट कडेवरच्या कवड्यांच्या गोल खुणांवरून गेलं, पहिल्या कोपऱ्यात शिरलं. "अगोबाई," ती म्हणाली. दुसरा कोपरा, तिसरा, झपाझप. चौथ्या कोपऱ्यात बोट थांबलं. मग सगळा हातच तिथं थांबला. ओठ हलले. चाळीस वर्षं दारव्ह्याच्या गल्लीत राहून तिची बोली वऱ्हाडीच झाली होती. फक्त रागात आणि देवापुढं तिच्या तोंडून तांड्यावरची बोली निघायची. आत्ता एकच शब्द निघाला. "याडी." म्हणजे आई.

हिरासिंगला वाटलं, कौतुकानं म्हणाली. खरं सांगायचं तर त्याचं तिच्या तोंडाकडे लक्षच नव्हतं. तो कोपऱ्यातली एक रेघ पाहत होता, जिथं पातं वळताना केसभर घसरलं होतं.

"टोचते का वं?"

"टोचू द्या. राहू द्या हे माह्यापाशी."

"हा तं नमुना आहे. लोकं हासतीन. महिन्याभरात अशी पाटी देतो का पाहतच राहशील."

बोलून त्यानं जीभ चावली. पण रुक्माबाई हसली. "पाहतच तं राहीन मी. काहून, काम काय आहे दुसरं?"

तो पाटी घेऊन शेडात गेला. तिचे हात मांडीवर होते तसेच थोडा वेळ उघडे राहिले.

त्यानं लाकडी सांगाडा मोडला आणि लोखंडी चौकोनी पाईपचा वेल्ड केला. आता थरथर कमी झाली, पण शेडातली फरशी उंचसखल. चार पायांपैकी एक नेहमी अधांतरी. त्याला पॅकिंग हवं होतं, घट्ट आणि तरी कंप पिऊन टाकणारं. सागवानाहून चांगलं काय? पहिली पाटी कोपऱ्यात उभी होती. तिचे त्यानं चार तुकडे केले, एकेका तुकड्यातून भोक पाडलं आणि चारी पायांखाली बोल्टानं आवळून टाकले. यंत्र जमिनीवर बसलं ते असं, की वर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलेना. त्याला समाधान वाटलं. आगारात असंच असायचं. जुन्या गाडीचा चांगला भाग नव्या गाडीत जायचा, आणि त्यात कुणाला वाईट वाटत नसे.

याच दिवसांत त्याला कॉम्प्युटरवर एक युक्ती सापडली. एक कोपरा काढला की बटण दाबून त्याची तशीच नक्कल दुसरीकडं टाकता येते. एकाचे चार कोपरे, चारही एकसारखे, फटक्यात. अकरा दिवसांचं काम दोन दिवसांत. पहिल्या कोपऱ्यावर त्यानं मन लावलं, टाके मोजूनमापून एकसारखे केले आणि बाकीचे तीन त्यातून काढले. बाबुलालला बोलावून दाखवलं.

"हे तं छापखान्यातल्यावानी आलं बे," बाबुलाल म्हणाला. "वहिनीनं पण असं नसतं केलं."

दुसरी पाटी रुक्माबाईच्या मांडीवर आली. पहिला कोपरा. दुसरा. तिसरा. चौथ्यात बोट शिरलं, बाहेर आलं. पुन्हा तिसऱ्यात गेलं, पुन्हा चौथ्यात. एखादं माणूस ओळखीच्या घरात शिरावं आणि आत दुसरंच कुणी बसलेलं असावं, तसं.

"कोपरा नाही झाला," ती म्हणाली.

"कोणता?"

"हा."

हिरासिंगनं मान हलवली. त्याला कारण ठाऊक होतं. गाडीच्या स्टेअरिंगला प्ले असला की चाक फिरवलं तरी गाडी लगेच वळत नाही. तसाच प्ले त्या आटेवाल्या सळईत होता. पातं दिशा बदलतं ते कोपऱ्यात, आणि चूक पडते तीही कोपऱ्यातच. आंधळ्या बाईच्या बोटाला केसभर चूक कळली, याचं त्याला उलट कौतुक वाटलं.

"प्ले आहे त्याच्यात," तो म्हणाला. "काढतो."

"काढा," ती म्हणाली. एकदा जमलं होतं, म्हणजे पुन्हा जमेल, असं तिला वाटलं. आणि त्या कोपऱ्याबद्दल वेगळं काही सांगायचं असतं हे तिच्या मनातच आलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं ते त्याला सांगितलं होतं. जे एकदा काळीज काढून सांगितलं, ते समोरचा विसरला असेल असं कोण धरतं?

प्ले काढण्यात आठ-नऊ महिने गेले. गोळ्यांवर फिरणारे नवे स्क्रू मागवले. एक वाकडा निघाला, परत पाठवला. चॅनल काढून रूळ बसवले. ट्रिमर जाऊन पाण्यानं थंड राहणारी मोटर आली. लाईट गेली की पातं अर्ध्यात लाकडात रुतायचं, म्हणून बॅटरी. रुक्माबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची, सेवालाल महाराजांच्या दिव्याला चाचपडत वात लावायची आणि शेडाच्या दाराशी येऊन उभी राहायची.

"झालं का?"

"होऊन राह्यलं."

"जसं होईन तसं द्या ना."

"तसं कसं? तुह्या हाताचं काम आहे. त्याले वाकडं कोरू का?"

दिवाळीच्या आधी तिसरी पाटी झाली. हिरासिंगनं ती स्वतः भिंगाखाली पाहिली. टाक्याला टाका चिकटलेला, कोपरा सुरीनं कापल्यासारखा, कुसळ एक नाही. मग रुक्माबाईच्या मांडीवर ठेवली.

ती बराच वेळ हात फिरवत राहिली. बोटांनी नाही, पंज्यानं. पीठ सारखं करावं तसं.

"कोपरा?" त्यानं विचारलं.

"बरा आहे."

"नीट पाह्य ना. आता केसभरही प्ले नाही."

"बरा आहे म्हणलं ना." मग हळूच, "लय मेहनत घेतली तुमी. हात धुऊन घ्या, भाकर टाकतो."

भाकरी ती अजूनही सवयीनं करायची. हिरासिंग मोरीत हात धूत होता तेव्हा वास आला. भाकरीचा नव्हे. तो धावला. रुक्माबाई भाकरी उलटवायला वाकली होती आणि तिच्या उजव्या हाताची तीन बोटं तव्यावर टेकलेली होती. तिला काहीच लागत नव्हतं. "काय झालं? काहून ओरडले?" ती विचारत होती, आणि बोटं तव्यावरच.

डॉक्टरनं फोडांना मलम दिलं आणि पेनाच्या टोकानं एकेक बोट टोचून पाहिलं. शुगर डोळ्यांनंतर नसांवर आली होती. "वर्षभरापासून मुंग्या येत असतील," तो म्हणाला. "गेली ती जाणीव परत येईल असं धरून चालू नका."

"मुंग्या येत होत्या," रुक्माबाई म्हणाली. "पण त्याहिचं मशीन चालू होतं. कायले मधात बोलाव?"

आईचा हात भाजल्याचं ऐकून दीपा पुसदहून धावत आली. दुसऱ्या दिवशी ती पेटी आवरत होती, तेव्हा गळणो आणि तिसरी पाटी तिनं शेजारी शेजारी पलंगावर ठेवली. पाहत राहिली.

"बापू," ती म्हणाली, "नानीचा कोपरा कुठी गेला?"

"कोणता कोपरा?"

"असं काय करता? हा पाहा ना." तिनं कापडाचा चौथा कोपरा उचलला. "तीन कोपऱ्यांतले टाके असे उजवीकडं पडतात. ह्यातले डावीकडं. नानी डावखुरी होती ना. हा एक कोपरा भरला अन् गेली ती, याडीचं लगन दीड महिन्यावर असताना. बाकीचे तीन याडीनं भरले. तुमच्या पाटीवर तं चारही याडीचेच."

हिरासिंग गळणोकडे पाहत होता. सगळं आठवलं. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात, अंगणात बाजेवर बसून सोळा-सतरा वर्षांची रुक्मा सांगत होती की आईचा एकही फोटो नाही, कुणी काढलाच नाही, हा कोपराच काय तो आई आहे. तो म्हणाला होता, जपून ठेव. आणि मग पेटीत ठेवलेल्या वस्तूसारखा विसरला होता.

पहिल्या पाटीत तो कोपरा होता. अडाण्यासारखा टाक्याला टाका उतरवला म्हणून होता. शहाणपण आल्यावर गेला.

त्यानं त्याच दिवशी बटर पेपर काढला. चौथा कोपरा एकटाच उतरवला, डावीकडं झुकलेला प्रत्येक टाका, आणि यंत्रावर लावला. यंत्रानं तो अचूक कोरला. रुक्माबाईनं मलमपट्टीचा उजवा हात बाजूला ठेवून डावा हात त्याच्यावरून फिरवला.

"पाटी आहे," ती म्हणाली.

"याडी, नानीचा कोपरा आहे त्याच्यावर," दीपा म्हणाली.

"असंन. मले गुळगुळीत लागते."

त्यानं दुप्पट खोल कोरला. मग दुप्पट मोठा. "काहीतरी आहे," ती म्हणाली, "पण काय आहे ते समजत नाही." चौथ्यांदा तो उठला तेव्हा तिनं त्याच्या शर्टाचं टोक धरलं.

"ते पहिलं कुठी आहे? ते टोचत होतं. तेच द्या मले."

हिरासिंग उभा राहिला. छत्तीस वर्षांत किती गाड्या त्याच्या हातून गेल्या, कुठला भाग कुठं गेला हे त्यानं कधी लपवलं नव्हतं. पण हे तोंडातून निघेना.

"आहे," तो म्हणाला. "आणतो."

शेडात त्यानं बसचा जॅक यंत्राखाली सरकवला. वेल्डिंगचं सामान परत घ्यायला आलेला बाबुलाल दारात थांबला.

"काय बे, खोलून कायले राह्यला? आता तं जमली गाडी."

"जमली म्हणूनच."

बाबुलाल चप्पल काढून आत आला आणि जॅकचा दांडा त्याच्या हातातून घेतला. पहिल्या पायाखाली दुसरा कोपरा निघाला. दुसऱ्याखाली पहिला. तिसऱ्या पायाचा बोल्ट गंजला होता, तो कापावा लागला. खाली तुकडा तेलानं काळा झालेला, पायाच्या भारानं मधोमध दबलेला, आणि बरोबर चौकडीतून आरपार भोक. टाके कडेला उरले होते. डावीकडं झुकलेले, कुसळांसकट.

यंत्र एका बाजूला कललं. महिनोन्‌महिने जमवलेली त्याची पातळी गेली. हिरासिंगनं मागं पाहिलं नाही.

तुकडा त्यानं राखेनं घासला, धुतला, पुसला आणि तिच्या हातात दिला. तिनं बोटं फिरवली. काही नाही. तळहातावर घेतला. काही नाही. मग कुणीही न सांगता तिनं तो उचलून गालाला लावला, आणि हळू, अगदी हळू, गालावरून खाली ओढला.

"आहे," ती म्हणाली.

ती पुन्हा वरून खाली आली. मध्ये थांबली. "इथं काहून पोकळ आहे?"

"भोक आहे."

"कोणी पाडलं?"

"म्या पाडलं. मशीनच्या पायाखाली होता तो, रुक्मा. नऊ-दहा महिने."

दीपानं तोंडाला पदर लावला. रुक्माबाईचा गाल लाकडावर तसाच होता. हिरासिंगला वाटलं, तिनं बोलावं, शिव्या द्याव्यात, तांड्यावरच्या बोलीत द्याव्यात.

"म्हणजे घरातच होती," ती म्हणाली. "अन् मी रोज शेडाच्या दाराशी येऊन जात होती."

दुपारी ती तुकडा उशीवर ठेवून, त्यावर गाल ठेवून झोपली. दीपानं काढायला हात पुढं केला, हिरासिंगनं खुणेनं नको म्हटलं. उन्हं कलल्यावर रुक्माबाई उठून बसली. तिच्या डाव्या गालावर टाक्यांचे वण उमटले होते, लालसर, बारीक, मधे एक गोल कोरी जागा.

"काय पाहून राह्यले?" तिनं विचारलं. त्याचा श्वास तिला जवळ लागत होता.

"काही नाही."

त्यानं बोट पुढं केलं आणि तिच्या गालावरचा एकेक टाका चाचपत गेला. त्याच्या बोटांना सगळं कळत होतं. कोऱ्या जागेपाशी तो थांबला, आणि तिथून पुढं त्याला जाता आलं नाही.